दुष्काळी भागासाठी वैरणीचा काटेरहित निवडुंग

एका हंगामाचे पीक बुडाले तर शेतकरी पुढच्या पावसाच्या आशेवर वर्ष काढतो; परंतु दावणीचे जनावर एकदा बाजारात गेले म्हणजे ते परत गोठ्यात येण्यास अनेक वर्षे लागतात. १९७२ च्या दुष्काळात हा अनुभव महाराष्ट्रातील गावोगावी आला. पुढे २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांतही मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्वेकडील तालुक्यांत जनावरांसाठी छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वर्षी कडबा महाग होतो हे खरे. पण त्याहूनही मोठी अडचण हिरव्या वैरणीची व पाण्याची असते. कडब्याची गंज रचून ठेवता येते. हिरवी वैरण मात्र गंजीला लावता येत नाही, आणि ती नव्याने पिकवावी तर विहिरीस पाणी नसते.

या अडचणीवर काही अंशी उपाय ठरेल असे एक झाड आहे. ते पावसाळ्यात मिळालेले पाणी अंगात साठवून ठेवते, उन्हाळ्यात हिरवे राहते व गरज पडेल तेव्हा कापता येते. ते झाड म्हणजे काटेरहित फड्या निवडुंग. याला शेताच्या बांधावर उभी असलेली हिरव्या वैरणीची गंजच म्हणता येईल. मात्र या झाडाचे गुण जसे मोठे आहेत तशा त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. त्या दोन्ही नीट समजून घेतल्याशिवाय त्याची लागवड करू नये.

निवडुंग कोणता?

आपल्याकडे ‘निवडुंग’ हे नाव अगदी भिन्न झाडांना दिले जाते. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि शेर ही झाडे कापली असता पांढरा चीक निघतो. हा चीक कातडीस लागल्यास आग होते व डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. ही झाडे वैरणीची नव्हेत. फड्या निवडुंगाचे कूळ निराळे आहे. त्याचे खोड चपट्या, मांसल फड्यांचे बनलेले असते. एका फड्याच्या कडेवर दुसरा फडा फुटतो, आणि कापल्यावर चीक न निघता पाण्यासारखा बुळबुळीत रस निघतो. वैरणीसाठी विचार करावयाचा तो याच जातीचा. ग्रामकार्यकर्त्यांनी हा फरक शेतकऱ्यांना प्रत्यक्ष झाडे दाखवूनच समजावून द्यावा.

फड्या निवडुंगातही पुन्हा दोन प्रकार ध्यानात घ्यावे लागतात. बांधावर, गावठाणाच्या कडेला व समुद्रकाठच्या वाळूत आपोआप वाढलेला काटेरी निवडुंग हा बहुधा ओपन्शिया डिलेनाय या जातीचा असतो. वैरणीसाठी व फळांसाठी जगभर लावला जाणारा निवडुंग ओपन्शिया फायकस-इंडिका या जातीचा आहे. त्याचे फडे मोठे असून त्याच्या निवडक वाणांवर मोठे काटे जवळजवळ नसतात.

मूळस्थान व भारतातील इतिहास

फड्या निवडुंगाची सर्व कुळी मूळची अमेरिकेतील. मेक्सिकोतील लोक हजारो वर्षांपासून त्याचे कोवळे फडे भाजीसारखे व बोंडे फळासारखी खात आले आहेत. त्या देशाच्या राजचिन्हावरही निवडुंगावर बसलेला गरुड आहे. डिलेनाय जात कॅरिबियन बेटांवर व मेक्सिकोच्या आखाताच्या कोरड्या, वाळूच्या किनाऱ्यावर स्वाभाविकपणे वाढते. म्हणूनच ती आपल्याही किनाऱ्यावर सहज रुजली. स्पॅनिश दर्यावर्दींनी ही झाडे युरोपात नेली व तेथून ती भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांत, आफ्रिकेत व आशियात पसरली.

भारतातील निवडुंगाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. या रंगाच्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती. ती मोडण्याच्या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ मध्ये, कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून हे किडे कलकत्त्यास आणले. परंतु ते उत्तम रंग देणाऱ्या जातीचे नव्हते. रंगाचा धंदा फसला. किड्यांनी मात्र त्या वेळी पसरलेल्या एका निवडुंगाचा फडशा पाडला. हे पाहून १८३६ ते १८३८ या काळात तेच किडे दक्षिण भारतात निवडुंग नष्ट करण्यासाठी सोडण्यात आले. एका कीटकाच्या साह्याने तणाचा मुद्दाम नायनाट करण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते.

या किड्यांनी डिलेनाय जातीस मात्र स्पर्श केला नाही, आणि ती शेते व कुरणे व्यापीत राहिली. अखेर १९२६ मध्ये कोचिनीलची दुसरी जात, डॅक्टिलोपियस ओपन्शी, श्रीलंकेतून आणून सोडण्यात आली. पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातील सुमारे ४०,००० हेक्टरांवरील निवडुंग तिने आटोक्यात आणला. ऑस्ट्रेलियातही कोट्यवधी एकर जमीन निवडुंगाने गिळली होती. तेथे अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्यांनी १९२५ नंतरच्या काही वर्षांत ती मोकळी केली.

या इतिहासातून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, निवडुंग बेफिकिरीने पसरू दिला तर तो शेतकऱ्याचा शत्रू होतो. दुसरा असा की, ज्या किड्याने एके काळी उपकार केला तोच आज लागवडीच्या निवडुंगाचा सर्वांत मोठा वैरी आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार पुढे केला आहे.

हे झाड कमी पाण्यावर का जगते?

बहुतेक पिके दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. त्याच वेळी उन्हामुळे त्या छिद्रांतून पुष्कळ पाणी उडून जाते. निवडुंगाची रीत उलटी आहे. तो दिवसा छिद्रे मिटून घेतो व रात्री हवा थंड असताना उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू तो आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतो. म्हणून तेवढाच कोरडा चारा तयार करण्यास त्याला ज्वारी-गव्हाच्या निम्म्याहूनही कमी पाणी पुरते. शिवाय त्याची पाने नावापुरतीच असून लवकर गळून पडतात, आणि फड्यांवर मेणासारखे आवरण असते. त्याची मुळे बहुधा वरच्या वीतभर थरात दूरवर पसरलेली असतात. त्यामुळे हलक्या सरीचे पाणीही ती शोषून घेतात.

या रचनेचा व्यवहारातही उपयोग आहे. रात्री साठलेल्या आम्लामुळे पहाटे कापलेला फडा चवीस आंबट लागतो. दिवस चढेल तसा आंबटपणा उतरतो. म्हणून वैरणीसाठी फडे शक्यतो दुपारनंतर कापावेत.

जमीन व हवामान

साधारण २५० ते ६०० मिलिमीटर पावसाचा प्रदेश या झाडास मानवतो. हलकी, मुरमाड, उताराची, चांगल्या निचऱ्याची जमीन उत्तम. जेथे ज्वारी-बाजरी धड येत नाही अशा माळावरही ते उभे राहते. मात्र ‘कोठेही येते’ असा समज करून घेऊ नये. पाणी साठणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात. खारवट जमीनही या जातीस सोसत नाही.

कोकण किनारपट्टीच्या शेतकऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तेथील वाळूत जंगली काटेरी निवडुंग वाढतो हे पाहून वैरणीचा निवडुंगही तेथे तसाच वाढेल असे अनुमान काढणे चुकीचे होय. कोकणात चार महिन्यांत २,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व समुद्राजवळ जमिनीत मिठाचा अंश असतो. सड्यावरील कातळाच्या जमिनीत, खाऱ्या वाऱ्यापासून दूर, उंच वरंब्यावर थोडी झाडे लावून पाहण्यास हरकत नाही. परंतु वैरणीसाठी मोठ्या लागवडीचा प्रदेश तो नव्हे. या पिकाचे खरे क्षेत्र म्हणजे पर्जन्यछायेतील माणदेश, सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव यांसारखा भाग.

बेणे व वाण

लागवड फड्यांपासूनच करावी, बियांपासून करू नये. बियांपासून उगवलेली रोपे मूळ झाडासारखी निपजत नाहीत व त्यांना पुन्हा काटे येण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था व उरुळीकांचन येथील बाएफ या संस्थांनी काटेरहित निवडुंगावर काम केले आहे. झाशी येथील भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था आणि जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था यांनीही त्याच्या चाचण्या घेतल्या आहेत. १२७०, १२७१ यांसारख्या क्रमांकांनी ओळखले जाणारे वाण या चाचण्यांत वापरले गेले. बेणे अशा खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावे.

बेण्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे वयाचा, निरोगी, जाड फडा निवडावा व तो सांध्यावर धारदार सुरीने कापावा. कापलेला फडा लगेच लावणे ही नवशिक्याकडून नेहमी होणारी चूक आहे. ओली जखम मातीत गेली की ती कुजते. फडे सावलीत, हवेशीर जागी एकेरी पसरून दोन ते तीन आठवडे ठेवावेत, म्हणजे जखमेवर खपली धरते. फडे थोडे सुकले तरी काळजी करू नये. लावण्यापूर्वी कापलेला भाग बोर्डो मिश्रणात किंवा अन्य ताम्रयुक्त बुरशीनाशकात बुडवून वाळू द्यावा.

लागवडीची रीत

जमीन एकदा नांगरून उताराला आडवे, वीतभर उंचीचे वरंबे घालावेत. हेक्टरी ५ ते १० टन चांगले कुजलेले शेणखत वरंब्यात मिसळावे. दोन ओळींत २ मीटर व दोन झाडांत १ मीटर अंतर ठेवावे. या हिशेबाने एकरी सुमारे २,००० फडे लागतात. फडा उभा ठेवून त्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग मातीत गाडावा व माती पायाने दाबावी. फड्याच्या रुंद बाजू पूर्व-पश्चिमेस तोंड करून असाव्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन दोन्ही बाजूंस मिळते.

कमी पावसाच्या भागात पहिल्या पावसानंतर लागवड करावी. जेथे श्रावण-भाद्रपदात झड लागते तेथे पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावणे सुरक्षित. लागवडीनंतर लगेच भरपूर पाणी देऊ नये. मुळे धरल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा झाडास तांब्या-दोन तांबे पाणी मिळाले तर ती जोमाने वाढतात. पुढे महिन्यातून एखादे पाणी मिळाल्यास उत्पन्न वाढते. न मिळाल्यास झाड मरत नाही, पण वाढ खुंटते. पाणी व खत न देता भरघोस वैरण मिळेल अशी आशा कोणी दाखविली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

मुळे वरच्या थरात असल्यामुळे खोल कोळपणी करू नये. तण हाताने उपटावे किंवा खुरप्याने वरचेवर काढावे.

राखण

काटेरी निवडुंगाचे रक्षण त्याचे काटेच करतात. काटे गेले म्हणजे ते संरक्षणही गेले. मोकाट शेळ्या, ससे, रानडुकरे व उंदीर-घुशी कोवळ्या फड्यांवर तुटून पडतात. म्हणून या निवडुंगाचे कुंपण होत नाही. उलट त्यालाच कुंपण करावे लागते. पहिली दोन वर्षे राखण झाली नाही तर सर्व श्रम वाया जातात. लागवड वस्तीजवळ, नजरेच्या टप्प्यात असावी हे उत्तम.

कापणी

लागवडीनंतर एका वर्षाने थोडी व दुसऱ्या वर्षापासून नियमित कापणी करता येते. लावलेला मूळ फडा व त्यावरील पहिला थर कायम ठेवून वरचे फडे कापावेत. सर्व फडे ओरबाडून घेतल्यास झाडाची शक्ती संपते. पावसाच्या दिवसांत कापणी टाळावी. या पिकाचा मुख्य उपयोग चैत्र-वैशाखात असल्यामुळे पावसाळ्यानंतरची वाढ उन्हाळ्यासाठी राखून ठेवणे हेच शहाणपणाचे होय.

जनावरांस कसे द्यावे?

ताज्या फड्यात शेकडा ८५ ते ९० भाग पाणी असते. उरलेल्या कोरड्या भागात पचण्यास सोपी अशी पिष्टमय द्रव्ये व चुना भरपूर असतो; परंतु प्रथिने फारच थोडी, साधारणपणे शेकडा ४ ते ६, आणि स्फुरद व चोथाही कमी असतो. यावरून उघड होते की, निवडुंग हा कडब्याचा जोडीदार आहे, त्याची जागा घेणारा नव्हे. केवळ निवडुंगावर ठेवलेल्या जनावरास ढाळ लागते व ते खंगत जाते.

साधारण ३०० किलो वजनाच्या गाईस किंवा बैलास दिवसाला १५ किलो फडे, ५ किलो कडबा व अर्धा ते एक किलो पेंड असे मिश्रण द्यावे. शेळी-मेंढीस २ ते ३ किलो फडे कोरड्या चाऱ्याबरोबर पुरेत. मीठ व खनिज मिश्रण चालू ठेवावे. सुरुवात पाव हिश्श्याने करून आठ-दहा दिवसांत पूर्ण प्रमाणावर यावे. फडे विळीने किंवा कोयत्याने दोन बोटे रुंदीचे तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत मिसळावेत. कोरड्या कुट्टीस रस लागून ती जनावरे आवडीने खातात व कडबा वाया जात नाही. काटेरहित वाणावरही डोळ्यांच्या जागी केसासारखी बारीक कुसे कधीकधी असतात. ती असल्यास फडा जाळावर धरून शेकावा.

पाण्याची बचत हा यातील मोठा लाभ. १५ किलो फड्यांतून गाईच्या पोटात सुमारे १३ लीटर पाणी जाते. उन्हाळ्यात गाईस दिवसाला ४० लीटरांच्या आसपास पाणी लागते; त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा वैरणीतूनच भागतो. ट्युनिशियातील प्रयोगांत पुरेसे फडे खाणाऱ्या मेंढ्यांनी पाणी पिणे जवळजवळ सोडल्याचे आढळले. तथापि, जनावरांसमोर पाणी ठेवणे कधीही बंद करू नये.

किती झाडे लावावीत?

एका गाईस १५ किलोप्रमाणे १२० दिवस वैरण द्यावयाची तर १,८०० किलो फडे लागतील. चांगल्या वाढलेल्या झाडापासून सुमारे ६०० ग्रॅमचे आठ फडे घेता आले तर झाडामागे ५ किलोच्या आत-बाहेर वैरण पडते. म्हणजे एका गाईस ३६० झाडे हवीत. मर-तूट धरून ४३० लावावीत. २ बाय १ मीटर अंतरावर एवढी झाडे साडेआठ गुंठ्यांत बसतात. एक बैलजोडी व एक गाय असलेल्या शेतकऱ्याने पाऊण एकरापेक्षा थोडी कमी हलकी जमीन यासाठी राखली तर चार महिन्यांची तजवीज होऊ शकते. हा हिशेब केवळ अंदाजासाठी आहे. ज्याने त्याने आपल्या झाडांचे काही फडे तोलून पाहावेत व त्यावरून आकडा दुरुस्त करावा.

कीड व रोग

फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले व ते चिरडल्यावर किरमिजी डाग पडला म्हणजे कोचिनीलचा उपद्रव झाला असे निश्चित समजावे. ईशान्य ब्राझीलमध्ये वैरणीच्या निवडुंगाची हजारो हेक्टर लागवड या किड्याने उद्ध्वस्त केली, आणि २०१४ पासून मोरोक्कोतही त्याने असाच अनर्थ केला. आपल्याकडे जंगली निवडुंगावर तो टिकून आहे. म्हणून लागवडीपूर्वी आसपासच्या काटेरी निवडुंगाचे जाळे तपासावे. बाहेरून आणलेले फडे एकेक करून पाहावेत. थोडा उपद्रव असल्यास पुंजके खरवडून साबणाच्या पाण्याने फडा जोराने धुवावा. जास्त असल्यास फडे कापून खोल खड्ड्यात पुरावेत. पावसाळ्यात बुंधा मऊ पडून काळा झाला तर तो कुजण्याचा रोग होय; रोगट भाग निरोगी भागापर्यंत कापून काढावा व पाण्याचा निचरा सुधारावा.

पसार होऊ देऊ नये

तुटलेला फडा ओढ्यात पडला तर वाहून जाऊन दुसऱ्याच्या शेतात रुजतो. बोंडे पक्षी खातात व बी दूर टाकतात. म्हणून फड्यांचा कचरा ओढ्या-नाल्यात किंवा गायरानात टाकू नये. तो जनावरांना घालावा किंवा पुरावा. वैरणीच्या लागवडीतील बोंडे पिकण्यापूर्वीच काढून घ्यावीत. जंगली काटेरी निवडुंगाची लागवड कोणीही कोणत्याही कारणाने करू नये. शंभर वर्षांपूर्वी जे संकट मोठ्या कष्टाने दूर झाले ते पुन्हा ओढवून घेणे कोणाच्याच हिताचे नाही.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी सूचना

गावात प्रथम एक-दोन होतकरू शेतकऱ्यांकडे पन्नास-पन्नास फड्यांची लहान रोपवाटिका करावी. दुसऱ्या वर्षी प्रत्येक झाडापासून तीन फडे मिळाले तरी दीडशे बेणे गावातच तयार होते. ते शेजाऱ्यांना वाटावे. लागवडीची जागा निवडताना निचरा, राखण आणि किडीचा उपद्रव या तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. जनावरांस चारण्याचे प्रात्यक्षिक गोठ्यात करून दाखवावे, कारण पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात निवडुंग म्हणजे काटा ही कल्पना घट्ट बसलेली असते. ती भाषणाने जात नाही, गाय दावणीत फडे खाताना पाहिल्यावर जाते.

हे काम दुष्काळ जाहीर झाल्यावर सुरू करून उपयोग नाही. आज लावलेला फडा दोन वर्षांनी वैरण देतो. पाऊस बरा झालेल्या वर्षीच, हातात थोडी सवड व विहिरीत थोडे पाणी असताना, माळाच्या कोपऱ्यात या झाडांच्या चार ओळी उभ्या कराव्यात. मग पुढचा कोरडा उन्हाळा आला तरी गोठ्यातील गाय बाजाराच्या वाटेला न लागता दावणीवरच राहील.